नऊ फूट दहा इंच

मुलाणीबाई पुण्याहून आल्या पॅसेंजरने,
वाठार स्टेशनला उतरल्या, पुढे वडापने.
पायांत बूट, खांद्याला पिशवी, हातात टेप.
चहाच्याही आधी विचारलं,
"बांधापलीकडं कोण?"

रंगराव भोईटे.
"फवारतात?"
फवारतात.
"वारा कुठून असतो?"
मी पदराचं टोक वर धरलं.
ते उगवतीकडं गेलं,
म्हणजे रंगरावकडून माझ्याकडं.

मग त्यांनी टेप लावला बांधापासून आत,
तीन मीटर.
नऊ फूट दहा इंच, मी मनात मोजलं.
एवढ्यातला घेवडा धरायचा नाही, म्हणाल्या.

घेवडा तर तोच, वाघ्या,
गुलाबी अंगावर लाल पट्ट्यांचा.
शेणखत त्याच उकिरड्यातलं,
दशपर्णी त्याच पिंपातली, वास आठ दिवस हाताला,
खुरपायला वाकलेली पाठही एकच.
पण हा वेगळा काढायचा,
वेगळ्या ताडपत्रीवर बडवायचा,
वेगळ्या पोत्यात भरून
पोत्याला लाल खूण करायची.

तीन वर्षांची वही त्यांनी उंबऱ्यात बसून वाचली.
किती पाट्या खत, गाय कुणाची,
पंप उसना आणला तर कुणाचा, धुतला का,
किती पाण्यानं.
बियाण्याच्या पावतीपाशी बोट थांबलं.
पावती नाही.
बी कडुनिंबाच्या पाल्यात, मडक्यात, माळ्यावर.
विकत कधी आणलंच नाही, तर पावती कोण देणार?
बाई बराच वेळ पेन चावत बसल्या,
मग लिहिलं: स्वतःचे.
अख्ख्या अर्जात मला तेवढाच शब्द पटला.

आता श्रावणातल्या त्या संध्याकाळचं.
रंगराव फवारत होता, वारा अचानक उठला,
आणि पांढरं धुकं
नऊ फूट दहा इंच ओलांडून
माझ्या चौदाव्या ओळीपर्यंत आलं.
मी एकटीच होते. एक टिटवी होती.
गट अकरा जणींचा, शिक्का एकच.
सुलभा म्हणाली, वही तुझी, डोळे तुझे,
पाऊस पडून गेला की कोण बघतंय.

रात्री भांडी झाल्यावर लिहिलं.
तारीख. वेळ. ओळ चौदा.
हात चांगला चालत नव्हता,
चौदाचा चार दोनदा गिरवला.

पट्टी वाढली. दोन पोती लाल खुणेत गेली.
सुलभा महिनाभर माझ्याशी
फक्त कामापुरतं बोलली.
रंगरावला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
बांधावर येऊन उभा राहिला, टोपी हातात,
"किती गेलं माझ्यापायी?"
सांगितलं.
काही बोलला नाही, शेवरीच्या रोपांकडं बघत राहिला.
माफी बिफी मागायचा स्वभाव नाही त्याचा.
पण तेव्हापासून पंप पाठीवर घ्यायच्या आधी
बांधावरून ओरडतो,
"वैनी, फवारतोय गं!"
आणि मी चूल सोडून वही काढते.
माझ्या वहीत आता माझ्यापेक्षा
त्याचंच नाव जास्त वेळा आहे.

शिक्क्याचा माल गेला.
किलोच्या पाकिटांत, काळ्या-पांढऱ्या चौकटीसह,
ती मोबाईलसमोर धरली की
माझ्या शेताचा नकाशा दिसतो म्हणे,
बांध दिसतो, शेवरी दिसते.
रंगराव दिसत नसावा.

लाल खुणेची पोती घरात राहिली.
एक आम्हाला,
एकातलं अर्धं भोईट्यांकडं, त्यांच्याकडं यंदा पाहुणे फार.

मुलाणीबाई यंदा पुन्हा आल्या.
उशीर झाला, जेवायला थांबल्या.
ताटात घेवड्याची आमटी, भाकरी, कांदा.
"हा कुठला?" म्हणाल्या.
लाल खुणेचा, मी म्हटलं.
हात तसाच राहिला, ताटाच्या वर.
बाहेर रंगरावची मोटर चालू झाली.
मग त्यांनी भाकरी मोडली
आणि मीठ मागितलं.